निजाईचा वसा

ऐका निजाई, तुमची कहाणी. बायांनो, अक्षता हातीं घ्या, लेकरांना मांडीवर घ्या. कुणाला जांभई आली तर येऊं द्या, आज तिचा राग नाहीं.

आटपाटासारखंच एक नगर. तिथं राजा होता, राणी मालावती होती. लग्नाला बारा वर्षं झालीं, मग पाळणा हलला. मुलगी झाली, नांव ठेवलं शेवंता. ती चार वर्षांची झाली, तों राजाला लढाईवर जावं लागलं. जातांना राणीला म्हणाला, "पोरीला जप."

राणी जपूं लागली. कशी जपूं लागली, तें ऐका. सांज झाली कीं महालांत शंभर दिवे. दिवे लागले कीं पाहुणे. पाहुणे जेवून उठले कीं म्हणत, "राजकन्या कुठं आहे?" मग निजलेल्या पोरीला उठवायचं, काजळ घालायचं. "चल, आत्याबाईंना नमस्कार कर. चल, गाणं म्हणून दाखव." पोर डोळे चोळीत नमस्कार करी, गाणं म्हणी. लोक म्हणत, "काय गुणाची पोर!" राणीला धन्य वाटे. हसूं नका बायांनो. पाहुणे आले म्हणजे आपण तरी दुसरं काय करतों?

मग झोपेची देवी निजाई रुसली. पहिल्या दिवशीं आली, पोरीच्या डोळ्यांवर हात ठेवणार, तों पाहुणे. दुसऱ्या दिवशीं आली, तों गाणंबजावणं. तिसऱ्या दिवशीं आली, तों इतका उजेड कीं निजाईचेच डोळे दिपले. "इथं माझं काम नाहीं," म्हणाली, आणि चालती झाली.

पोर सुकूं लागली. जेवतांना रडे, खेळतांना भांडे, धड्याला बसली कीं एक अक्षर डोक्यांत राहीना. मग वैद्य आला, चाटण दिलं. गुण आला नाहीं. मग देवऋषी आला, अंगारा लावला. गुण आला नाहीं. मग सोनार आला, ताईत घडवला. ताईत चकाकला, पोर कांहीं चकाकेना. बारा वर्षांनी झालेलं लेकरूं, डोळ्यांदेखत वाळत चाललं.

कोणे एके दिवशीं परटीण धुणं घेऊन आली. भिमी तिचं नांव. बरोबर तिची लेक होती, शेवंतेच्याच वयाची. गाल टंच, डोळे लख्ख, अंगणभर हुंदडत होती. राणीनं विचारलं, "भिमे, हिला खायला काय घालतेस गं?"

"भाकरी नि ताक, बाईसाहेब."

"ताईत कुणाकडचा?"

"काळा दोरासुद्धां नाहीं."

"मग अशी टवटवीत कशी?"

"निजते, बाईसाहेब. आमच्या घरीं निजाईचा वसा आहे."

राणी म्हणाली, "मला सांग. सोनं देतें, चांदी देतें."

परटीण म्हणाली, "सोनं नको, चांदी नको. पण तुम्हांला जड जाईल. थोरामोठ्यांना नाहीं म्हणावं लागतं."

"म्हणेन."

"मग ऐका. दिवसां पोरीला उन्हावाऱ्यांत खेळूं द्या. दिवेलागण झाली कीं मऊ भात वाढा, पाय धुवा. एकच पणती ठेवा, तीही कोपऱ्यांत. रोज तीच वेळ, रोज तेंच गाणं. मग पणती मालवा. देव जरी दारीं आला तरी पोरीला उठवूं नका. हा एका दिवसाचा वसा नाहीं, पोर मोठी होईपर्यंतचा आहे."

राणीनं वसा घेतला. पहिल्या दिवशीं पोर रडली. दुसऱ्या दिवशीं कुरकुरली. तिसऱ्या दिवशीं गाणं अर्ध्यावर आलं, तों डोळे मिटले. निजाई पाऊल न वाजवतां आली आणि उशाशीं बसली. महिना झाला, दोन झाले. पोर जेवूं लागली, हसूं लागली, धडे म्हणूं लागली.

मग राणीची आई माहेराहून आली. "नातीला उठव." राणी म्हणाली, "आई, सकाळीं." आई फुगून बसली. मग सरदारांच्या बायका आल्या. त्यांनाही "सकाळीं." त्या म्हणाल्या, "राणीसाहेबांना गर्व झाला." राणीनं ऐकून घेतलं.

मग खुद्द राजा आला. लढाई जिंकून, दोन पावसाळ्यांनी. घोड्यावरून उतरला, तों पणती मालवून घटका झाली होती. तसाच धुळीनं भरलेला दाराशीं आला. "माझी शेवंता कुठं आहे?"

"निजली आहे."

"उठव तिला."

राणी पोरीच्या खोलीच्या दारांत आडवी उभी राहिली. "महाराज, राज्य तुमचं, महाल तुमचा. पण तिची झोप तिची आहे. सकाळपर्यंत थांबा."

राजा म्हणाला, "दोन पावसाळे तळमळलों मी. बाप आहें तिचा!"

राणीला रडूं आलं. "बाप आहां, म्हणूनच थांबा." पण दारांतून हलली नाहीं.

राजानं दाराला कान लावला. आंत पोरीचा श्वास संथ चालला होता. राजा ऐकत राहिला, राग उतरत गेला. मग त्यानं तलवार खालीं ठेवली, जोडे काढले, आणि उंबऱ्याशीं बसला. छावणींत त्याला धड झोप नव्हती. ऐकतां ऐकतां मान कलली. निजाईचा एक हात पोरीवर होता, दुसरा तिनं राजावर ठेवला.

उजाडलं. शेवंता आपणहून जागी झाली. दार उघडलं, तों उंबऱ्याशीं बाप. दाढी वाढलेली, तरी ओळखला. हांक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. आंत गेली, आपली गोधडी आणली, बापाच्या अंगावर घातली, आणि जवळ बसून राहिली.

इतक्यांत प्रधान धांवत आला. "महाराज, दरबार भरला आहे!"

शेवंतेनं ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला. बाबा निजलेत. उठले कीं पाठवतें."

प्रधान काय करणार बापडा? पायरीवर बसला. सगळा दरबार खोळंबला, आणि राजा पोटभर निजला.

निजाई शेवंतेला पावली, तशी तुमच्या-आमच्या लेकरांना पावो, आणि त्यांच्यासाठीं राबणाऱ्या आईबापांनाही. साठां उत्तरांची ही कहाणी पांचां उत्तरीं सांगितली, सुफळ झाली, संपूर्ण झाली. अक्षता वाहा बायांनो, आणि गप्पा मारीत बसूं नका. दिवेलागण होत आली, पोरांना घेऊन घरीं जा.