नाक आणायला गेलेला अत्तरवाला

फार पूर्वी, राजे लेकीच्या लग्नात स्वतः पंगतीत वाढायचे त्या काळी, एका नगरात एक अत्तरवाला राहत होता. सुरुवातीला त्याच्याकडे दुकान नव्हतंच. एक पेटी आणि तिच्यात बारा कुप्या, एवढंच भांडवल. रोज सकाळी तो रिकाम्या हातांनी गावाबाहेर भटकायला जायचा. कुणाच्या परसातली जाई, अंगणातला ओला सडा, शेतात भाजत असलेली ज्वारीची कणसं, जे नाकात शिरेल ते मनात साठवायचा आणि घरी येऊन त्यातून काहीतरी नवंच घडवायचा. त्याचं अत्तर लावून कुणी रस्त्याने गेलं, की चार माणसं वळून बघायची.

असं अत्तर लपून राहतं होय? पेटीचं दुकान झालं, दुकानाची पेढी झाली. मागे भट्ट्या, पुढे गादी, हाताखाली सात कारागीर आणि त्यांच्यावर एक कारभारी. राजवाड्यात शिंपडायचं अत्तर पुरवण्याचा मानही त्यालाच मिळाला. आता भटकायला वेळ कुणाला? दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत तो गादीवर बसून राहू लागला. सात वर्षांत त्याने एकही नवं अत्तर केलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याची रुखरुखही त्याला वाटेनाशी झाली.

या धंद्यात एक गंमत आहे. एकाच वासात सतत बसलं की नाक त्याला सरावतं आणि मग काही सांगतच नाही. अत्तरवाल्याला आपलंच अत्तर फिकं वाटू लागलं. "अर्क वाढवा," तो म्हणायचा. कारागीर वाढवायचे. आठवड्याने पुन्हा, "अजून वाढवा." कारागिरांची नाकं तरी कुठे शाबूत होती! तेही माना डोलावून म्हणायचे, "वा मालक, आता जमलं!"

अशात राजकन्येचं लग्न ठरलं, तेही भर वैशाखात. अत्तराचा नमुना राजवाड्यात गेला. दिवाणजींनी फाया कानात ठेवला मात्र, आणि त्यांना शिंकांवर शिंका सुरू झाल्या. मग राणीसाहेब शिंकल्या, मग चोपदार शिंकले. राजाच्या डोळ्यांतून तर घळाघळा पाणी वाहू लागलं. लगोलग अत्तरवाल्याकडे निरोप आला: "लग्नाला वीस दिवस आहेत. पाहुण्यांना सुखावेल असं नवं अत्तर आणलंत, तर मान तुमचा. नाहीतर तो दुसऱ्याला जाईल."

अत्तरवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने सगळ्या भट्ट्या पेटवल्या. गुलाब झाला, चाफा झाला, केवडा झाला. तो हुंगत सुटला, पण त्याला सगळं एकसारखंच वाटलं.

सगुणा माळीण त्याला पेटीच्या दिवसांपासून फुलं पुरवायची. दोन दिवस तिने ही धावपळ पाहिली. तिसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने झाकलेली टोपली तिने त्याच्यासमोर ठेवली. "शेट, आजचा मोगरा कसा आहे, सांगा बरं."

अत्तरवाल्याने फडक्याला नाक लावलं. "अव्वल!"

"आणि कारभारी, तुमाला कसा वाटतो?"

"असा मोगरा यंदा आलाच नव्हता," कारभारी म्हणाला.

सगुणाने फडकं उचललं. टोपलीत सोललेला लसूण होता.

सातही कारागीर आपापल्या पायांकडे बघत राहिले.

"शेट," सगुणा म्हणाली, "एक एक फूल हुंगून घ्यायचात तुमी. चार फुलं शिळी निघाली तर टोपली परत पाठवायचात. मला असा राग यायचा! पण फुलाची कदर असलेलं गिऱ्हाईक तेवढं एकच, म्हनून दुसऱ्या दिवशी पयली तुमच्याच दारात यायचे. कुठं गेला तो मानूस?"

अत्तरवाला शरमला. पण शरमेपेक्षा भीती मोठी होती. राजवाड्याचा मान गेला तर पुन्हा मिळवता येईल. नाकच गेलं तर? तो उठला आणि पायांत वहाणा घालू लागला.

"निघालात कुठे मालक?" कारभाऱ्याने घाबरून विचारलं.

"नाक आणायला."

"लग्न सतरा दिवसांवर आलंय!"

"म्हणूनच निघालोय," असं म्हणून तो चालायलाही लागला.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. ओढे आले, बागा आल्या, गोठे आले. नाक मात्र ढिम्म. पाचव्या दिवशी मागून बैलगाडी आली. तीत कारभारी होता.

"मालक, परत चला. मी उपाय काढलाय. ज्या गुलाबाच्या अत्तराने आपलं नाव झालं, तेच नव्या कुपीत भरून पाठवू. कोण ओळखणार आहे?"

अत्तरवाल्याचा एक पाय गाडीच्या चाकावर गेलासुद्धा. पाय दुखत होते, धीर सुटला होता आणि उपाय तर सोपा होता. मग त्याने कारभाऱ्याला विचारलं, "ते अत्तर बरं उतरलंय की बिघडलंय, हे मला कळेल का?"

कारभाऱ्याने मान खाली घातली.

"मग मी कसला अत्तरवाला? जा तुम्ही."

गाडी धूळ उडवत निघून गेली. रस्त्यावर उभं राहून अत्तरवाला रडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो एका शेतातल्या झोपडीपाशी पाणी प्यायला थांबला. दारात एक म्हातारी लोणच्यासाठी कैऱ्यांची देठं मोडत बसली होती. तिने एक देठ मोडलं, चीक उडाला, आणि अत्तरवाल्याच्या नाकात काहीतरी शिरलं. आंबट. तिखट. हिरवंगार!

तो मटकन खाली बसला. त्याने कैरी उचलून हुंगली, मग दुसरी, मग तिसरी. त्याचे डोळे भरून आले.

"अरं बाबा, ती खायची असती!" म्हातारी म्हणाली. "हुंगतोस काय?"

"आजी, माझं नाक सापडलं!"

म्हातारीला वाटलं, उन्हाने याचं डोकं फिरलंय. तिने त्याला माठातलं पाणी दिलं. पाण्यात वाळ्याची जुडी होती. तोही वास आता त्याला लख्ख कळला, आणि नव्या माठाचाही.

पेढीवर परतल्यावर त्याने भट्ट्या विझवल्या आणि सातही कारागिरांना दोन दिवस नदीकाठी पिटाळलं. ज्याला वास येईल त्यानेच परत यायचं! मग काम सुरू झालं. कैरीची साल, देठाचा चीक, वाळा आणि जेमतेम चार मोगऱ्याची फुलं.

"मालक, कैरीचं अत्तर?" कारभारी म्हणाला. "लोक हसतील हो!"

"हसू देत की. लग्नच आहे."

लग्नाच्या दिवशी मांडव उन्हाने तापला होता. गुलाबदाणी पुढे येताच दिवाणजींनी आधी नाकाला रुमाल लावला. मग तो हळूच खाली घेतला. मग त्यांनी आवंढा गिळला. दिवाणजींच्या तोंडाला पाणी सुटलं होतं! शेजारच्या राज्याचे पांढऱ्या मिशांचे राजे मोठ्याने म्हणाले, "मीठ आणा रे कुणीतरी!" सगळा मांडव खदखदून हसला. माहेर सुटणार म्हणून सकाळपासून रडणारी नवरीसुद्धा हसली. उकाडा कुणाच्या लक्षातही राहिला नाही. आपण कुणाच्या झाडावर चढून कैऱ्या पाडल्या होत्या, हे जो तो शेजाऱ्याला सांगू लागला. मागे उभी असलेली सगुणा पदराने डोळे पुसत होती.

राजाने अत्तरवाल्याच्या खांद्यावर शेला घातला. "मान तुमचाच! आणखी काय हवं ते मागा."

"महाराज, आठवड्यातून एक दिवस माझी पेढी बंद राहील. त्या दिवशी राजवाड्याचंही काम घेणार नाही."

राजाने भुवया उंचावल्या. "आणि नेमकं त्याच दिवशी आम्हाला अत्तर लागलं तर?"

"तर महाराज, माझ्याबरोबर चला. दोघं मिळून शोधू."

राजा पोट धरधरून हसला. पुढच्याच सोमवारी लोकांनी पाहिलं, तर पेढीला कुलूप होतं, आणि बांधावरून एक अत्तरवाला व एक राजा वाकून वाकून रानफुलं हुंगत चालले होते. त्या वर्षी नगराला चार नवी अत्तरं मिळाली.

तात्पर्य: धंद्याचे मालक झालात तरी दाराबाहेर पडायची सुट्टी स्वतःच स्वतःला द्यावी लागते; जो नुसता गादीवर बसून राहतो, त्याच्यापाशी विकायला फक्त कालचंच उरतं.