सरांची हातोडी

भूशास्त्र विभागाचे प्रमुख डॉ. माणकेश्वर यांची आपल्या महागड्या सॉफ्टवेअरवर एवढी श्रद्धा होती, की ते ज्या संगणकावर होतं, त्याच्या खोलीत चपला काढूनच जावं लागे. त्यांची विद्यार्थिनी हेमलता वळवी हिनं मात्र तीनशे विहिरींच्या पाणीपातळीचा नकाशा पायथन या संगणकाच्या भाषेत काढला, कुणालाही उघडून वाचता येईल अशा फुकटच्या प्रोग्रामनं. तो सरांच्या नकाशाशी जुळेना. चूक कोणाची, हा प्रश्न सरांना पडलाच नाही.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, बाहेरगावच्या परीक्षकांसमोर सर म्हणाले, "फुकटात मिळालेल्या गोष्टीवर मी सही करणार नाही. आमच्या सॉफ्टवेअरमागे नामांकित कंपनी आहे."

"ते आतून गणित कसं करतं, सर?" हेमलतानं विचारलं.

"ते कंपनीचं गुपित आहे. विश्वास ठेवायचा असतो."

हेमलतानं पिशवीतून एक मातकट दगड काढून टेबलावर ठेवला. "हा कोणता, तेवढं सांगा. नामांकित डोंगरातला आहे."

दगड दिसला की सरांना राहवत नसे. "हातोडी दे," ते म्हणाले. "पहिल्या वर्षी काय शिकवलं होतं? फोडून आतलं पाहिल्याशिवाय दगडाला नाव द्यायचं नाही. वरचं रूप फसवतं."

"तेच लक्षात ठेवलं, सर." हेमलतानं हातोडी पुढे केली. "माझा प्रोग्राम ओळ न् ओळ उघडा आहे. तुमच्या सॉफ्टवेअरवर ही कुठं मारायची, तेवढं दाखवा."

परीक्षकांनी खुर्ची तिच्या लॅपटॉपकडे सरकवली. शेवटी सरांनी सही केली, तीही हेमलताचंच पेन मागून घेऊन. तेवढं फुकटचं त्यांना चाललं.