बाकावरच्या बाईचा नमस्कार

"पण तिसरी कोण असेल, आक्का? ते कोण सांगणार?"

लोमटेसाहेबांनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्या ताटात भाकरी वाढत होतो. दुपारची दुसरी पंगत होती. पंगत म्हणजे काय, तर मठ चालवणाऱ्या आक्का, साहेब आणि वाढायला मी.

साहेब जिल्हा न्यायाधीश. पंधरा वर्षं शनिवारी मठात येत. मोठे शिस्तीचे. आपला एकही निकाल वरच्या कोर्टात फिरला नाही, हे ते दर भेटीत एकदा तरी सांगत. मला ते फारसे आवडत नसत, हे खरं सांगून टाकतो.

त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरला होता.

प्रकरण असं होतं. दहा वर्षांपूर्वी एका माणसाने एका बाईवर बलात्कार केला. खटला साहेबांपुढेच चालला. माणूस पिंजऱ्यात ढसाढसा रडला, म्हाताऱ्या आईचं नाव घेतलं. साहेबांनी सात वर्षं दिली. तेव्हा कायद्यात त्याहून कमी नव्हती. तो सुटला आणि वर्षभरात त्याने तेच पुन्हा केलं. ही दुसरी, एकोणीस वर्षांची मुलगी, शिवणाच्या क्लासहून घरी निघालेली. आदल्याच दिवशी, शुक्रवारी, गुन्हा शाबीत झाला होता. सोमवारी शिक्षा सांगायची होती.

"कायद्यात दोनच वाटा आहेत," साहेब म्हणाले. "मरेपर्यंत तुरुंग, नाहीतर फाशी. मी फाशीकडे आलोय. चाळीस पानं लिहून झालीत."

"लिहून झालंय, मंग मला कामून विचारता?"

साहेबांनी ताट पुढ्यात सरळ केलं.

"तुम्ही हो म्हणावं म्हणून."

एवढं सरळ उत्तर त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. त्या क्षणी ते मला थोडे आवडले.

"राग कुणाचा आलाय?" आक्कांनी विचारलं.

"त्याचा. दुसरा कुणाचा?"

आक्का वरणात भाकरी कुस्करत राहिल्या.

"... आणि नऊ वर्षांपूर्वी माझ्या खुर्चीत बसलेल्या माणसाचा."

"म्हंजे दोघांची शिक्षा एकाच्याच गळ्यात घालता."

साहेबांना हे लागलं. त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"घास घ्या," आक्का म्हणाल्या. "वरण निवलं."

आमच्या मठात पहिला घास तोंडात घालण्याआधी हातात धरायचा आणि ज्याच्यामुळे आजचा दिवस दिसला अशा एका माणसाचं नाव घ्यायचं. देव चालत नाही, मेलेली माणसंही चालत नाहीत. त्यांचे आभार मानायला आपलं काही जात नाही, असं आक्कांचं म्हणणं. माणूस जिवंत हवा आणि नाव हवं.

साहेबांनी घास धरला. "आक्का, तुमच्यामुळे..."

"माझं पंधरा वर्षं ऐकते. दुसरं घ्या."

साहेबांनी घास बोटांत फिरवला.

"त्या मुलीमुळे. चार तास उलटतपासणी झाली. वकिलाने नको नको ते विचारलं. ती रडली, पण शब्द फिरवला नाही. ती बोलली म्हणून तो सापडला."

"नाव?"

"ते कायद्याने घेता येत नाही. चारचौघांत तिची ओळख उघड करायची नाही."

"चांगला कायदा आहे. मनात घ्या."

साहेबांनी डोळे मिटले.

मी भाजी घेऊन उभा होतो. बसावं की उभं राहावं कळेना. बराच वेळ गेला... साहेबांचे ओठ हलेनात.

"आरोपीचं येतं का?" आक्कांनी विचारलं.

साहेबांनी नाव, बापाचं नाव, आडनाव, वय, धंदा, गाव, तालुका, सगळं एका दमात सांगितलं. मग एकदम थांबले. कानापर्यंत लाल झाले.

"चाळीसच्या चाळीस पानांत मी तिला पीडिता लिहिलंय," ते हळूच म्हणाले. "तसंच लिहायचं असतं. पण मला स्वतःला... आक्का, तेवढं तरी ठाऊक असायला हवं होतं."

त्यांनी घास ताटात ठेवला, हात धुतले आणि पिशवीतून मुलीच्या जबानीचा कागद काढला. कोर्टाचे कागद मठात आणणं नियमात बसतं का, मला माहीत नाही. मी तोंड फिरवलं. त्यांनी पहिली ओळ वाचली. कागद आत ठेवून पुन्हा घास धरला. आता ओठ हलले, आवाज आला नाही.

घास तोंडात गेला.

"अन् पहिल्या बाईचं नाव?"

"ते येतं," साहेब म्हणाले. "काल तिनेच सांगितलं."

"कुठं भेटली?"

"कोर्टात. खटला बंद दाराआड चालला, त्यामुळे तिला आत येता येत नव्हतं. बाहेर व्हरांड्यात बाकावर बसायची. प्रत्येक तारखेला एसटीने दोन तास यायची. मुलगी बाहेर आली की तिला पाणी द्यायची, पाठीवर हात ठेवून बसायची. मी रोज तिच्यासमोरून गेलो. वाटलं, मावशीबिवशी असेल. काल कारकुनाने सांगितलं ती कोण."

मी भाजीचं भांडं खाली ठेवलं. त्या बाईला मी कधी पाहिलं नाही, पुढेही पाहणार नाही. पण तिचे फार उपकार वाटले मला, जणू माझ्याच बहिणीजवळ ती बसून राहिली होती.

"तुम्हाला काही बोलली?"

साहेबांनी ताटावरून हात काढला.

"वाकून नमस्कार केला. म्हणाली, 'साहेब, त्या वक्ताला तुम्ही माझं खरं धरलंत. माझ्या आईनंबी धरलं नव्हतं. तेवढ्यावर नऊ वर्षं काढली मी.' तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, आक्का. मी त्याला सात वर्षांत सोडला आणि ती माझे आभार मानते!"

"तिनं फाशी मागितली?"

"नाही. म्हणाली, आता तो पुन्हा बाहेर यायला नको, तेवढं बघा."

आक्कांनी ताट बाजूला सारलं. अंगणात कुणीतरी धुणं आपटत होतं.

"मग सोमवारी मी काय लिहू?"

आक्का उठल्या. ऐंशीला आलेली बाई, भिंतीला धरून सावकाश साहेबांच्या पुढ्यात आल्या, खाली वाकल्या आणि त्यांच्या पायांना हात लावला.

आक्कांना कुणाच्या पाया पडताना मी पाहिलं नव्हतं.

साहेबांनी चटका बसल्यासारखे पाय ओढून घेतले. "आक्का! हे काय? माझी लायकी नाही!"

"काल तिच्यापुढनंही असेच ओढून घेतले?"

"... हो."

"अन् घरी जाऊन चाळीस पानं लिहिली."

साहेबांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. तरी न्यायाधीशच ते. थोड्या वेळाने मान वर करून म्हणाले, "म्हणजे शिक्षा कमी करू म्हणता?"

"मी कुठं कमी म्हणाले?" आक्का तिथेच त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"त्या बाईनं दिलेला नमस्कार अजून घेतला नाहीत, लोमटे... अन् शिक्षा द्यायला निघालात."