बारा पांढऱ्या गोळ्या

एकदा एक मुख्याध्यापिका रागाने लालबुंद होऊन आपल्या वृद्ध गुरूंच्या घरी आली. वासंती तिचं नाव. राग किती, तर दारात काढलेली एक चप्पल इकडे उडाली, एक तिकडे.

"सर, उद्या रावजीला घरी पाठवतेय." रावजी म्हणजे तिच्या शाळेच्या प्रयोगशाळेतला सहायक, अठरा वर्षं परीक्षानळ्या धुणारा. "पत्र तयार आहे, सही तेवढी राहिलीय. शिक्षकांत दोन तट पडलेत, रोज खडाजंगी. परवा माझ्या विरोधातले सगळ्यांदेखत मला वाटेल ते बोलले, आणि हा ठोंब्या शेजारी नळ्या पुसत उभा. ना माझ्या बाजूने, ना त्यांच्या. असला माणूस हवा कशाला?"

सरांनी कपाटावरून सोडियमच्या अणूचा नमुना काढला. नववीत असताना वासंतीनेच केलेला, प्रदर्शनात पहिला आलेला. मध्ये शाडूच्या लाल-पांढऱ्या गोळ्यांचा डिंकाने चिकटवलेला गोळा, भोवती तारेच्या कड्यांवर काळे मणी. तीस वर्षं जपलेल्या त्या अणूतली एक पांढरी गोळी सरांनी उचकटली आणि केराच्या टोपलीत टाकली. मग दुसरी, मग तिसरी.

"सर, काय चाललंय हे? माझा अणू आहे तो."

"यांच्यावर धन भार नाही, ऋण भार नाही. हव्यात कशाला?" बारावी निघाली तशा लाल गोळ्या सुटून जमिनीवर विखुरल्या. "मोज आता. लाल किती?"

"अकरा," ती दात आवळून म्हणाली.

"काळे?"

"अकरा."

"धन अकरा, ऋण अकरा, बेरीज शून्य. अणू उदासीन, हिशेब चोख. मग डोळ्यांत पाणी का?" सरांनी विखुरलेल्या लाल गोळ्यांकडे बोट दाखवलं. "अगं, हे अकरा प्रोटॉन एकमेकांना सतत ढकलतात. बारा न्यूट्रॉन मध्ये आहेत म्हणून केंद्रक टिकतं. हे नववीत तू मला घडाघडा सांगितलंस. परवा रावजी तुझ्या बाजूने बोलला असता, तर दुसऱ्या तटाने त्याला जवळ उभं केलं असतं का? दोघांनाही चालणारा एकच माणूस तुझ्या शाळेत उरलाय, आणि त्यालाच तू हाकलतेस. चीड येते मला तुझी."

उलट उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं. पण तिला आठवलं, भांडणाच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही तटांचे वर्ग वेळेवर भरले होते, प्रयोग मांडून तयार होते. ते कुणी मांडले, हे तिने विचारलंही नव्हतं.

तिने पर्समधलं पत्र काढून फाडलं. मग टोपली उपडी केली आणि पांढऱ्या गोळ्या वेचू लागली. अकराच भरल्या. एक कुठेतरी घरंगळली होती.

"राहू दे," सर म्हणाले. "एकीवाचून काय अडतंय?"

"अडतं, सर."

पदर खोचून ती जमिनीवर बसली आणि कपाटाखाली हात घातला. बारावी हाताला लागली, तेव्हाच ती उठली.