निशाण रोवण्याआधी

“मग या खडकात आहे तरी काय?” फकिराने विचारलं.

त्रिंबकराव कोठारेंनी खाली किनाऱ्याकडे पाहिलं.

इंग्रजांच्या आगबोटीवर ते मोजणीदार होते. आफ्रिकेच्या किनाऱ्यासमोरच्या या बेटाचा नकाशा संध्याकाळपर्यंत हातात हवा, असं कप्तानाने बजावलं होतं. नकाशा झाला की टेकडीवर निशाण रोवायचं. पण सकाळपासून उत्तरेला धुराची रेघ दिसत होती. जर्मनांची आगबोट याच बेटाकडे निघाली होती.

घाईत त्रिंबकरावांचं माप दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा चुकल्यावर मोजणीची पेटी उचलून ते टेकडीवरच्या एकुलत्या झाडाखाली आले. तिथे चटई अंथरलेली होती. तिच्यावर त्यांनी बसकण मारली.

झाडाच्या मुळावर एक म्हातारा फकीर बसला होता. मूळचा बाणकोटचा. चाळीस वर्षांपूर्वी गलबतातून इथे उतरला तो इथलाच झाला. परमुलखात मराठी ऐकून त्रिंबकरावांना धीर आला आणि ते बोलत सुटले. मुंबईत वर्तमानपत्रं वाचलेला माणूस. विलायतेच्या गिरण्यांना कापूस लागतो, कापडाला गिऱ्हाईक लागतं, राजाराजांत मान लागतो, म्हणून ही मोठी राज्यं समुद्रापार मुलूख घेत सुटलीत, असं त्यांनी फकिराला समजावून सांगितलं.

फकिराने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, इथे कापूस उगवत नाही आणि घरं तीसच आहेत, मग या खडकात आहे तरी काय?

“इथे कोळसा साठवतील,” त्रिंबकराव म्हणाले.

“कशाला?”

“आगबोटींना.”

“आणि आगबोटी?”

“अशी बेटं राखायला...”

आपलंच वाक्य कानावर पडलं आणि त्रिंबकराव थांबले.



धूर आता दाट झाला होता. खाली कप्तान वाळूत येरझारा घालत होता. सकाळपासून त्याने अन्नाला हात लावला नव्हता. एवढी सत्ता पाठीशी असलेला माणूस, पण त्याची नजर त्या धुरावरून हलत नव्हती.

“यांना भीती कसली वाटते, बाबा?” त्रिंबकरावांनी हळूच विचारलं. “अर्धी दुनिया हातात आहे. हा उघडा खडक दुसऱ्याकडे गेला तर काय बिघडतं?”



तेवढ्यात पायवाटेवर कुणीतरी दिसलं. ऊन डोळ्यांवर येत होतं, चेहरा कळत नव्हता. त्रिंबकराव ताठ बसले. जर्मनांनी होडी आधीच सोडली असेल तर? हा त्यांचा मोजणीदार असेल तर?

चटईचा अर्धा भाग रिकामा होता.

त्यांनी पेटी ओढून तिथे ठेवली. तरी कडेला थोडी जागा उरली, तेव्हा पाय पसरले.

फकिराने हे पाहिलं.

“पाय दुखतात?”

“नाही.”

“पेटी जमिनीवर चालत नाही?”

“चालते...”

“मग?”



“तो बसला असता.”

माणूस जवळ आला. गुडघ्यापर्यंत भिजलेला, केस पिकलेले, खांद्यावर जाळं. झाडाच्या सावलीबाहेर तो थांबला. त्याने पेटीकडे पाहिलं, पसरलेल्या पायांकडे पाहिलं, आणि उन्हातच उभा राहिला.

“हा जर्मनांकडचा नाही ना, बाबा?”

“नाही.”

त्रिंबकरावांनी सुटकेचा श्वास टाकला. पाय मात्र तसेच राहिले.

फकीर म्हणाला, “चटई त्याची आहे.”