तात्यासाहेबांच्या मनातली वेबसाइट

"वेबसाइट हवी, पण अगदी माझ्या मनात आहे तशी! आणि मनात काय आहे, ते मी सांगणार नाही!"

तात्यासाहेब कोळपकरांनी हुकूम सोडला आणि लोडाला टेकून मिशीला पीळ भरला. तांब्या-पितळेच्या भांड्यांची त्यांची पेढी फलटणात सर्वांत मोठी. व्यापारी संघाचे अध्यक्षही तेच. तेव्हा असल्या हुकमाला हसायची कोणाची टाप नव्हती.

"सांगितल्यावर काय, कोणीही करील. खरा कारागीर गिऱ्हाइकाच्या मनातलं ओळखतो!"

"वा! काय बोललात!" शेजारी बसलेले मेहुणे भालचंद्रराव म्हणाले. तात्यासाहेब शिंकले तरी ते 'वा' म्हणत.

याआधी पुण्याची एक कंपनी येऊन हात टेकून गेली होती. मग साताऱ्याहून एक होतकरू आला. त्याचं काम बघून तात्यासाहेब म्हणाले, "मजा नाही आली."

"काय बदलू?"

"ते तुला कळायला पाहिजे!"

त्यानं पान निळं केलं. "फार निळं झालं." त्यानं भगवं केलं. "निळं बरं होतं." शेवटी त्यानं कॉम्प्युटर विकून रसवंती टाकली. आता तो सुखात आहे म्हणतात.

आणि आज समोर बसली होती शलाका फडतरे. पुण्याची नोकरी सोडून ती गावी आली होती आणि घरातूनच लोकांच्या वेबसाइट करून देत होती. एका दवाखान्याची केली, एका मंगल कार्यालयाची केली, एका रोपवाटिकेची केली. तरी गल्लीतल्या बायका भेटतील तिथं विचारत, "मग नोकरी कधी लागतेय गं?"

"ऐक पोरी," तात्यासाहेब म्हणाले, "जमलं तर संघातल्या सगळ्या दुकानांचं काम तुझं. नाही जमलं, तर हे स्वतंत्र-बितंत्र बंद! माझ्या दुकानात यायचं आणि मुकाट्यानं बिलं करत बसायचं!"

शलाकाला ते दुकानातलं टेबल डोळ्यांसमोर दिसत होतं. त्याच्यामागची भिंतही दिसत होती. पण ती म्हणाली, "चालेल, साहेब. माझीही एक अट आहे. साइट मी संघाच्या सभेत दाखवीन. आणि चुकली, तर काय चुकलं ते तुम्ही तिथंच, सगळ्यांसमोर सांगायचं."

"सांगीन की! चुका काढायला मी भितो होय?"

सभेचा दिवस उजाडला. सगळी बाजारपेठ हॉलमध्ये लोटली. शलाकानं लॅपटॉप उघडला, त्याला जोडलेला माइक तात्यासाहेबांच्या हातात दिला आणि बटण दाबलं. मोठ्या पडद्यावर साइट उघडली.

पांढरीशुभ्र. कोरी करकरीत!

"वा! काय स्वच्छ..." भालचंद्रराव सवयीनं म्हणाले आणि तात्यासाहेबांचे डोळे बघून गप्प झाले.

"हे काय आहे?" तात्यासाहेब गरजले.

"तुमच्या मनात आहे ते, साहेब."

"इथं तर काहीच नाही!"

"होय साहेब!"

मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. बाकीच्यांनी तोंडावर रुमाल धरले. तात्यासाहेब लालबुंद झाले.

"म्हणजे माझ्या मनात काहीच नाही?"

"असेल, तर साइट चुकली. मग ठरल्याप्रमाणं सांगा, काय राहिलं?"

आता आली का पंचाईत! सांगावं तर मन उघडं करावं लागतं. गप्प राहावं तर मन कोरं असल्याचं सगळ्या बाजारपेठेसमोर शाबीत होतं. तात्यासाहेब ताडकन उठले आणि पडद्याकडं पाठ करून सभेलाच बोलू लागले.

"काय राहिलं? अगं, माझ्या आज्यानं डोक्यावर हंडे घेऊन गावंच्या गावं पालथी घातली! आमच्याकडं भांडं बघून नाही, वाजवून घेतात! घंगाळाला टिचकी मारा. घुमलं तर घ्या, नाहीतर खुशाल पुढचं दुकान गाठा! लेकीच्या लग्नात नेलेला हंडा नातीच्या लग्नाला घेऊन या, नव्यासारखा उजळून देऊ! ही कोळपकरांची पेढी! त्या पुण्याच्या लोकांनी नुसती चमचमती अक्षरं नाचवली. त्यात हे होतं कुठं?"

सभेनं टाळ्यांचा कडकडाट केला. तात्यासाहेबांना वाटलं, टाळ्या आपल्या भाषणाला. म्हणून ते रुबाबात मागं वळले आणि वळले तसे थबकले.

पडदा भरला होता! ते बोलत होते तसतसे त्यांचे शब्द माइकमधून थेट पानावर उतरत होते. पुण्याच्या लोकांचा उद्धार तेवढा शलाकानं गाळला होता. बाकीची वाक्यं तिनं भराभरा जागच्या जागी बसवली आणि दुकानात आधीच काढून ठेवलेले फोटो शेजारी लावले होते. सगळ्यांत वर ठसठशीत अक्षरं होती: 'वाजवून घ्या!' खाली एक भलंमोठं घंगाळ. तिनं त्यावर बोट टेकवलं.

टण्णऽऽऽ! फोटो काढताना तिनं टिपून ठेवलेला नाद हॉलभर घुमत राहिला.

तात्यासाहेबांच्या मिशा थरथरल्या. "हेच!" ते ओरडले. "अगदी हेच होतं माझ्या मनात!"

आणि त्यांनी जीभ चावली. पण आता काय उपयोग! सभेतल्या शंभर कानांनी ते ऐकलं होतं.

"थांब थांब!" त्यांनी शेवटचा डाव टाकला. "सगळं तर मीच बोललो. यात तू काय केलंस?"

"काहीच नाही, साहेब," शलाका म्हणाली. "तुमचं पितळ तेवढं उघडं पाडलं! झाकून ठेवलं, तर गिऱ्हाईक घेणार कसं?"

भालचंद्ररावांना 'वा' म्हणावं की नाही तेच कळेना. तात्यासाहेबांनी शलाकाकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं आणि त्यांच्या पोटातून जे हसू सुटलं, त्यापुढं घंगाळाचा नादही फिका पडला!

"हरलो गं पोरी!" डोळे पुसत ते म्हणाले. "संघाचं सगळं काम तुझं! चौकातला माझा गाळाही तुझ्या ऑफिसला दिला. आणि दारावर तुझ्या नावाची पाटी लागेल, अस्सल पितळेची!"