खिंडीत राहिलेला आवाज

फार फार वर्षांपूर्वी एका डोंगरी राज्यात एक अरुंद खिंड होती. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी, आणि सदा दाटलेलं धुकं. जुनी माणसं म्हणत, "खिंडीत तोंड सांभाळा. धुकं ऐकलेलं विसरत नाही."

त्या वाटेने एक मोटारवाला उतारू नेई. माणूस मनाचा वाईट नव्हता, पण घाईचा. म्हाताऱ्यांचं बोलणं त्याला खुळेपणा वाटे. त्याच वाटेने एक धारवाला सायकलवरून गावोगाव जाई, विळ्या-कोयत्यांना धार लावायला. वळण आलं की तो घंटी वाजवी आणि समोर कोणी असो-नसो, म्हणे, "आलो हं, दादा."

एकदा चढावर मोटार त्याच्या मागे अडकली. मोटारवाला डोकं बाहेर काढून ओरडला, "ए धारवाल्या, रस्ता काय सासऱ्याने आंदण दिलाय? बाजूला हो!"

धारवाला हसला. "सासऱ्याने धारेचा दगड दिलाय, तोच ओढतोय. दादा, वळणाआधी भोंगा देत जा. पुढचा रस्ता मोकळा दिसला की मी हात करीन. मग खुशाल जा."

"तू मला शिकवणार? हो बाजूला!"

मोटार त्याला घासून पुढे गेली. आतले उतारू हसले. पुढे ते रोजचंच झालं.

एके सकाळी मोटार खिंडीच्या तोंडाशी बंद पडली. मोटारवाला तिथल्या टपरीवर चहा पीत बसला. तेवढ्यात धारवाला आला.

"आज तुमचीच गाडी रस्ता अडवून बसली की, दादा," म्हणाला आणि धुक्यात शिरला.

थोड्या वेळाने धुक्यातून आवाज आला, "बाजूला हो!"

टपरीवरची माणसं मोटारवाल्याकडे बघू लागली. आवाज त्याचाच होता. त्याच्या तोंडात तर चहाचा घोट होता.

मग घंटी वाजली. पाठोपाठ धारवाल्याचं शांत बोलणं ऐकू आलं, "हो दादा, झालो बाजूला."

त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही.

लोक धावले. खिंडीत ना मोटार, ना माणूस. ओल्या मातीत सायकलच्या चाकांची रेघ तेवढी होती. ती हळूच दरीच्या कडेला वळत गेली होती, आणि कडेपाशी संपली होती.

मोटारवाल्याला कोणी दोष दिला नाही. काय म्हणून देणार? तो तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बसला होता. पण त्याने पुन्हा मोटार हाती धरली नाही. रोज तो खिंडीत धुक्यात जाऊन उभा राही आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडून सांगे, "सावकाश या, दादा. मागून कोणी ओरडलं तर कडेला जाऊ नका. तो आवाज माझा आहे."

वाटेत टाकलेला कठोर शब्द आपल्याबरोबर पुढे येत नाही. तो मागून येणाऱ्याची वाट बघत तिथेच थांबतो.